अचूक, पण कुठपर्यंत?

माझ्या कामाच्या टेबलावर मुठीएवढं एक दाबपात्र आहे. त्यात ऑक्सिजन सेल, म्हणजे ऑक्सिजन मोजणारा छोटा सेन्सर, बसवायचा, झाकण घट्ट आवळायचं, आत शुद्ध ऑक्सिजन सोडायचा आणि दाब हळूहळू वाढवत मल्टीमीटरवर नजर ठेवायची. काही वर्षांपूर्वी माझ्या रिब्रीदरमधले (पाण्याखाली सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा देणारं डायव्हरचं यंत्र) तीन सेल मी असे एकामागून एक तपासले. पहिल्या दोघांची काही तक्रार नव्हती. तिसऱ्यानं हवेत १०.२ मिलिव्होल्ट दिले, एक बार (साधारण वातावरणाच्या दाबाएवढ्या) ऑक्सिजनमध्ये ४८.९. गणिताला धरून, अगदी नेमके. दाब वाढवत नेला तसा आकडाही इमानानं चढत गेला. ६१ ला पोचला आणि थांबला. दाब १.३ बार झाला, १.४ झाला, १.६ झाला, मल्टीमीटर ६१ वरून हलला नाही. १.६ बारला तिथे ७८ दिसायला हवे होते.

त्या आठवड्यात या सेलनं रोज सकाळचं कॅलिब्रेशन बिनबोभाट पार केलं होतं. त्याच्या माहितीपत्रकावर छापलेली अचूकताही खोटी नव्हती. एक बारपर्यंत तो खरोखरच तेवढा अचूक होता. मी मात्र तो १.३ बारवर वापरत होतो.

या दोन वाक्यांमधल्या दरीबद्दल मला लिहायचं आहे. रिब्रीदरच्या सेन्सरची अचूकता आज ज्या पद्धतीनं जाहीर केली जाते, ती पद्धत बदलली पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. कारण छापलेला आकडा धडधाकट सेलचं वर्णन करतो, आणि डायव्हरच्या जिवाला धोका असतो तो आजारी सेलकडून.

आधी सेन्सरवर सगळं का अवलंबून असतं ते सांगतो. साध्या स्कूबात टाकीतला वायू ओढायचा आणि बुडबुडे सोडून द्यायचे. टाकीत काय भरलंय हे एकदा मोजलं की दर श्वासाला तेच मिळतं. रिब्रीदरमध्ये सोडलेला श्वास पुन्हा फिरवून घेतला जातो. स्क्रबरमधला सोडा-लाइम कार्बन डायऑक्साइड शोषतो, शरीरानं वापरलेल्या ऑक्सिजनची भरपाई सोलेनॉइड, म्हणजे कंट्रोलर या यंत्रातल्या संगणकाच्या हुकमावर उघडणारी विजेची झडप, करतो किंवा डायव्हर स्वतः बटण दाबून करतो. म्हणजे लूपमधला (श्वास फिरतो त्या बंद वर्तुळातला) वायू सतत बदलता. तो किती बदलला हे सांगणारी एकच गोष्ट यंत्रात असते, ती म्हणजे ऑक्सिजन सेन्सर.

शरीर या कामी मदतीला येत नाही. गुदमरल्याची भावना मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते, आणि तो तर स्क्रबर काढून टाकतो. त्यामुळे ऑक्सिजनचा आंशिक दाब (वायूच्या एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा) ०.१६ बारखाली घसरत गेला तरी जीव घाबरा होत नाही; विचार थोडे मंदावतात आणि मग शुद्धच हरपते. दुसऱ्या टोकाला दाब फार वाढला तर आकडी येते, बरेचदा काहीही पूर्वसूचना न देता. जास्त दाबाचा ऑक्सिजन विषारी ठरतो हे पॉल बेर यांनी १८७८ सालीच प्रसिद्ध केलं होतं. जमिनीवर आलेली अशी आकडी ओसरते. पाण्याखाली तोंडातला माउथपीस सुटतो आणि माणूस बुडतो.

आता माहितीपत्रकाकडे वळू. अचूकतेची ओळ साधारणपणे अशी असते: फुल स्केलच्या ± २ टक्के, स्थिर तापमान आणि स्थिर दाब असताना. ही ओळ वाचून बहुतेक जण मनातल्या मनात तिचं भाषांतर करतात: म्हणजे १.३० दिसलं तर खरं १.२७ ते १.३३ च्या दरम्यान. ओळीचा अर्थ हा नाही.

‘फुल स्केल’ म्हणजे पूर्ण पट्टी. पट्टी जर एक बारला ० ते १०० टक्के अशी आखलेली असेल, तर २ टक्के म्हणजे पट्टीवर कुठेही ०.०२ बार. हवेत, ०.२१ वर, ही चूक वाचलेल्या आकड्याच्या जवळपास दहाव्या हिश्शाइतकी होते. एक बारला ती २ टक्केच. आणि १.३ बारला? तिथे पट्टीच नाही. ती १.० वर संपली. त्यापुढे यंत्र जे दाखवतं ते सरळ रेषा पुढे ओढून काढलेलं अनुमान असतं. अनुमान बहुतेक वेळा बरोबर येतं, म्हणून तर आम्ही त्यावर श्वास घेतो. पण त्याच्यामागे ‘± २ टक्के’ हे आश्वासन उभं नसतं, आणि ते उभं नाही हे पत्रकावर कुठेच ठळकपणे सांगितलेलं नसतं.

‘स्थिर तापमान’ हे शब्दही नीट वाचायला हवेत. आमचे हे सेल गॅल्व्हॅनिक प्रकारचे; अशा सेलच्या तोंडाशी एक पातळ पडदा असतो आणि त्यातून ऑक्सिजन झिरपतो. पडदा जसा गरम होईल तसं झिरपणं वाढतं, दर अंशाला साधारण २ ते ३ टक्के. ही वाढ कापण्यासाठी सेलमध्ये थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार बदलणारा रोधक, बसवलेला असतो. तो सेलच्या मागच्या बाजूला, पडदा पुढच्या बाजूला. दोघांचं तापमान एक झालं की हिशेब जुळतो. पण स्क्रबरमधून येणारा वायू उबदार आणि दमट असतो, बाहेरचं पाणी थंड असतं, आणि पाण्यात उतरल्यापासूनचा पहिला काही काळ पुढचा भाग आणि मागचा भाग वेगवेगळं तापमान सांगत असतात. शिवाय दमट वायूतलं पाणी पडद्यावर थेंब होऊन बसतं. पाण्याच्या थरातून ऑक्सिजन फार सावकाश जातो, त्यामुळे सेल सुस्तावतो. लूपमध्ये काय घडलं ते तो उशिरा सांगतो, कधीकधी मघाचाच आकडा धरून बसतो. पत्रकावरचा काही सेकंदांचा प्रतिसाद कोरड्या वायूचा असतो.

त्यावर कॅलिब्रेशनची भर. कंट्रोलर समजतो की आपल्यासमोर शुद्ध ऑक्सिजन आहे. लूप ऑक्सिजननं नीट धुतला गेला नाही, म्हणजे आतला जुना वायू पूर्ण बाहेर गेला नाही, आणि प्रत्यक्षात ९५ टक्केच असेल, तर तिन्ही सेल त्या क्षणापासून जास्त दाखवू लागतात. यंत्राच्या स्क्रीनवर १.३०, लूपमध्ये साधारण १.२४. ऑक्सिजनच्या विषारीपणाच्या दृष्टीनं ही चूक सुरक्षित बाजूची, म्हणून आम्ही तिच्याकडे दुर्लक्ष करतो. डिकम्प्रेशनच्या, म्हणजे शरीरात विरघळलेला वायू वर येताना हळूहळू बाहेर काढण्याच्या, दृष्टीनं मात्र ती उलट्या बाजूची आहे, आणि किती ते खोलीवर ठरतं. समजा स्क्रीनवर १.३ आहे आणि खरं १.२. साठ मीटरवर एकूण दाब सात बार. निष्क्रिय वायूचा (नायट्रोजन, हेलियम) दाब ५.७ ऐवजी ५.८, म्हणजे २ टक्क्यांहून कमी फरक. तोच डायव्हर सहा मीटरच्या थांब्यावर आला की एकूण दाब १.६ बार, निष्क्रिय वायू ०.३ ऐवजी ०.४. एक तृतीयांशानं जास्त. सेन्सरची चूक तीच, पण शरीरातला वायू बाहेर काढण्याचं खरं काम जिथे चालतं तिथे ती सगळ्यात जास्त नडते. हे गणित दोन ओळींचं आहे. तरी आपला डिकम्प्रेशनचा आराखडा किती चुकीच्या आकड्यावर तग धरेल, हे तपासून पाहणारे डायव्हर मला फार थोडे भेटले.

इतकं सगळं लक्षात घेऊनही मी म्हणेन की धडधाकट सेलची चूक सहसा पचते. पंचवीस-तीस वर्षं खोल डायव्हिंगमध्ये १.३ हा सेटपॉइंट (लूपमध्ये राखायचा ऑक्सिजनचा दाब) रूढ आहे तो उगाच नाही. अमेरिकेच्या नोआ या सागर आणि वातावरण संस्थेच्या रूढ तक्त्यात एका डाइव्हची मर्यादा १.३ बारला १८० मिनिटं आहे, १.४ ला १५०, आणि १.६ ला ४५. खरा दाब १.३ ऐवजी १.३९ निघाला तरी दोन तासांच्या डाइव्हमध्ये मर्यादा ओलांडली जात नाही. जागा ठेवलेली आहे. तीच सात टक्क्यांची चूक १.६ च्या सेटपॉइंटवर झाली तर १.७ च्या पुढे जाते आणि तिथे जागा उरत नाही. सेटपॉइंट आधी आणि सेन्सरची अचूकता नंतर, अशी उलटी शिकवण ज्या वर्गात मिळते तिथे ती सुधारली पाहिजे: मोजमाप किती खात्रीचं आहे त्यावरून सेटपॉइंट ठरतो.

खरा प्रश्न टेबलावरच्या त्या ६१ मिलिव्होल्टचा आहे.

गॅल्व्हॅनिक सेल ही खरं तर एक छोटी बॅटरी आहे. आत शिशाचा ॲनोड, मौल्यवान धातूचा मुलामा दिलेला कॅथोड आणि मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण. पडद्यातून जेवढा ऑक्सिजन झिरपतो तेवढा सगळा कॅथोडवर खर्च होतो आणि तेवढाच प्रवाह वाहतो. सेल नवा असताना शिसं मुबलक असतं. प्रवाह किती वाहायचा हे फक्त झिरपणारा ऑक्सिजन ठरवतो, म्हणून रेषा सरळ येते. पण दर वेळी थोडं शिसं खपतं. १.३ बारवर ते हवेतल्यापेक्षा सहापट वेगानं खपतं, म्हणून ‘हवेत अमुक महिने’ अशा आयुष्यमानाचा रिब्रीदरशी थेट संबंध नाही. शिशाचा उघडा पृष्ठभाग कमी झाला, किंवा द्रावण सुकत आलं, की एक क्षण असा येतो जेव्हा ऑक्सिजन झिरपतोय भरपूर, पण त्याला पुरेल एवढी रासायनिक क्रिया पलीकडून होत नाही. आता प्रवाह ठरवतो तो सेलचा अशक्तपणा. आकड्याला छत येतं. छताच्या खाली तो सेल पहिल्यासारखाच प्रामाणिक असतो, आणि म्हणूनच फसवा.

आता कंट्रोलरच्या जागी उभं राहून पाहा. माझ्या त्या सेलचे ६१ मिलिव्होल्ट म्हणजे त्याच्या हिशेबी १.२५ बार. सेटपॉइंट १.३. ऑक्सिजन कमी आहे असं समजून तो सोलेनॉइड उघडतो. दाब वाढतो, सेल १.२५ च सांगतो. पुन्हा उघडतो. यंत्रात काहीच बिघडलेलं नाही. प्रत्येक भाग नेमून दिलेलं काम चोख करतो आहे. लूपमधला ऑक्सिजन १.४, १.५, १.६ असा चढत जातो आणि स्क्रीनवर १.२५ शांतपणे दिसत राहतं. अलार्मही वाजत नाही, कारण अलार्मही त्याच सेलवर विसंबलेला असतो.

यावर पूर्वापार उत्तर आहे तीन सेलचं. वॉल्टर स्टार्क आणि जॉन कॅनविशर यांच्या इलेक्ट्रोलंग या रिब्रीदरमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीसच तीन सेन्सर होते, आणि त्यानंतर ती प्रथाच पडली. तिघांतले दोन जुळले की तिसरा बाद. ऐकायला पटतं. शंभरात एक सेल बिघडलेला असेल, तर ठरावीक दोन एकाच वेळी बिघडलेले असण्याची शक्यता दहा हजारांत एक, असं आपण शाळेतल्या गणितानं म्हणतो. ते गणित तिघं एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच लागू पडतं. प्रत्यक्षात तिघं एकाच दिवशी विकत घेतलेले, बहुधा एकाच खेपेतले, एकाच दमट डब्यात राहिलेले, तेवढेच तास तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये काढलेले, आणि एकाच वायूवर कॅलिब्रेट केलेले असतात. एक म्हातारा झाला की दुसराही होतच असतो. मग दोन अशक्त सेल १.२५ वर एकमत करतात, तिसरा नवा सेल खरं १.६ सांगतो, आणि मतदानात खरं बोलणारा बाद होतो. २०१२ साली ऑर्लँडोत भरलेल्या तिसऱ्या रिब्रीदर फोरम या परिषदेत नायजेल जोन्स यांनी याच गृहीतकावर बोट ठेवलं होतं. त्या मांडणीला आता दशक उलटून गेलं. तरी ‘तीन सेल आहेत ना’ हे वाक्य मी अजून ऐकतो, आणि ऐकलं की मला भीती वाटते.

माझा तिसरा सेल मतदानात बाद होत राहिला असता, कारण उरलेले दोघं ठीक होते. यात माझी हुशारी काही नव्हती. तिघंही एकाच वयाचे असते तर हा लेख लिहायला मी राहिलो असतो का, सांगता येत नाही.

म्हणून माझी मागणी सेल आणि रिब्रीदर बनवणाऱ्या दोघांकडे आहे. अचूकता टक्क्यांत न देता बारमध्ये द्या, आणि ज्या दाबांवर आम्ही जगतो तिथे द्या: ०.२, ०.७, १.३, १.६. कोरड्या, खोलीच्या तापमानाच्या वायूबरोबरच उबदार दमट वायूतलीही द्या. नव्या सेलबरोबरच बाद करण्याच्या तारखेला पोचलेल्या सेलचीही द्या, कारण त्या तारखेपर्यंत वापरा असं तुम्हीच सांगता. सेलचं छत किती बारपर्यंत वर असेल याची हमी द्या आणि ती किती वापरानंतर संपते ते लिहा. रिब्रीदर विकणाऱ्यांनी तर सेल, तारा, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॅलिब्रेशन मिळून स्क्रीनवरच्या आकड्याची एकूण चूक किती, हे एका ओळीत सांगावं. दशांश चिन्हापुढे दोन अंक दाखवणाऱ्या स्क्रीननं दुसऱ्या अंकाची जबाबदारी घेतली पाहिजे. १.३० मधलं ते शून्य डायव्हरच्या मनात खात्री निर्माण करतं, आणि बहुतेक वेळा तेवढी खात्री त्या मापात नसते.

यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत आणि ते फालतू नाहीत. उत्पादक म्हणतात, सेल आमच्या हातातून गेल्यावर कुणी उन्हात तापवतो, कुणी सहा महिने ओल्या लूपमध्ये विसरतो. म्हाताऱ्या सेलची हमी आम्ही कशी द्यायची? मान्य. मग चाचणीच्या अटी लिहा आणि त्या अटींत मिळालेले आकडे द्या. अटींसह दिलेला वाईट आकडा मला चालेल. अटीविना दिलेला चांगला आकडा मला घातक आहे. दुसरा आक्षेप अनुभवी डायव्हरांचा असतो: आम्ही आकडेवारी वाचत बसत नाही, सेलची वागणूक बघतो. हे खरं आहे आणि चांगलंही आहे. पण वागणूक बघायची कशी हे ज्यानं शिकवायचं तो प्रशिक्षकही त्याच पत्रकावर वाढलेला असतो. नवशिक्याला ‘± २ टक्के’ दिसतात आणि तो निर्धास्त होतो.

तिसरं म्हणणं असं की प्रकाशावर चालणारे सेन्सर आले आहेत, तेव्हा हा वादच आता जुना. ऑक्सिजनमुळे एका रंगद्रव्याची चमक विझते आणि ती किती विझली यावरून दाब काढायचा, असं त्यांचं तत्त्व. त्यात शिसं खपत नाही, छताची भानगड नाही, आणि मला त्यांच्याकडून खूप आशा आहे. पण त्यांची संवेदनशीलता ऑक्सिजन वाढेल तशी कमी होत जाते, म्हणजे नेमकं वरच्या टोकाला बारीक फरक ओळखणं त्यांना अवघड जातं. तापमानाची दुरुस्ती त्यांनाही लागते. तेव्हा कोणत्या दाबावर किती बारची चूक, हा प्रश्न त्यांनाही तसाच्या तसा विचारावा लागेल.

डायव्हिंगवैद्यकाचे डॉक्टर अँड्र्यू फॉक यांनी १९९८ ते २०१० या काळातल्या १८१ रिब्रीदर-मृत्यूंचा अभ्यास मांडला, आणि वाचताना सगळ्यात जास्त टोचतं ते हे की इतक्या प्रकरणांत नेमकं काय घडलं हे ठरवण्याइतकी माहितीच हाती येत नाही. आधुनिक कंट्रोलर प्रत्येक सेलचा आकडा नोंदवू शकतात. ती नोंद डायव्हरला सहज वाचता आली, महिन्यामहिन्याचा उतार त्याला स्वतःला दिसला, तर म्हातारा होत चाललेला सेल पाण्यात उतरण्याआधीच ओळखू येईल.

पत्रकं सुधारेपर्यंत जे आपल्या हातात आहे ते करायला हवं, आणि त्यातली एकच गोष्ट मी आग्रहानं सांगतो: सेल जिथे वापरणार त्याच्या वर नेऊन तपासा. पृष्ठभागावरचं कॅलिब्रेशन एक बारच्या पुढे जाऊच शकत नाही. दाबपात्र नसेल तर सहा मीटरवर लूप ऑक्सिजननं धुवून पाहा. तिथे आकडा १.६ च्या जवळ चढायला हवा, आणि तिन्ही सेल चढायला हवेत. जो १.३ पाशी घुटमळतो त्याला त्याच दिवशी निरोप द्या, पत्रकावर त्याचं किती आयुष्य उरलंय ते न बघता. खाली गेल्यावर अधूनमधून डायल्युएंटनं (ऑक्सिजन पातळ करण्यासाठी दुसऱ्या टाकीत ठेवलेल्या वायूनं) लूप धुवा. चाळीस मीटरवर हवेचा डायल्युएंट असेल तर १.०५ दिसलं पाहिजे. यासाठी सेलवर विसंबावं लागत नाही, खोली आणि टाकीतला वायू ठाऊक असला की पुरे. मात्र ही तपासणी छताखालची आहे, वरची नाही. दोन्ही लागतात. आणि तिन्ही सेल एकदम बदलू नका. एकेक करून, महिन्यांच्या अंतरानं बदला, म्हणजे तिघांची वयं वेगळी राहतील.

मी आता प्रत्येक सेलच्या अंगावर बारीक मार्करनं दोन गोष्टी लिहितो, बसवल्याची तारीख आणि १.६ बारला मिळालेले मिलिव्होल्ट. क्रमांक दोनच्या सेलवर आधी ७७ लिहिलं होतं. काही महिन्यांनी ७६. परवा तपासला तेव्हा ७१ आले. १.३ ला अजून तो बरोबर होता, हवेत पहिल्या दिवसासारखेच १०.१ देत होता, आणि पत्रकाप्रमाणे त्याचे चार महिने बाकी होते. तो काढून मी वेगळ्या डब्यात ठेवला.